उलटा ट्रॅक्टर

रसूलचाचा माझ्या सायकलच्या दुकानात आले की रामराम नाही, सलाम नाही, एकच शब्द टाकायचे, "आयक." मग हँडल धरून सायकल जागच्या जागी एकदा हलवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मागं कॅरिअरच्या दोन्ही अंगाला लाकडी पेट्या, पेट्यांत सुतळीत ओवलेले काचेच्या बांगड्यांचे जुडगे. सगळे एकदम किणकिणायचे.

"काय आयकू आलं, फौजी?"

"बांगड्या वाजल्या, चाचा."

"बांगड्या हायत त्या, वाजणारच. कशा वाजल्या ते सांग."

आता मी निम्मं आयुष्य फौजेत ट्रकांची इंजिनं उघडण्यात घालवलेलं. इंजिन खोकलं तर आत काय बिनसलंय ते मी लांबून सांगतो. पण बांगड्यांतलं मला काय डोंबल कळतंय? मी आपलं "बऱ्या वाजल्या" म्हणायचो आणि चाचा माझी कीव करत पायरीवर टेकायचे. आवाज सरळ निघाला तर माल धड, आणि मध्येच बसका निघाला तर आतली एखादी वाढली, असं त्यांचं शास्त्र होतं. बांगडी फुटली असं आपल्याकडं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण चाचांनी तो शब्द साऱ्या जगाला लावून टाकलेला. माझ्या दुकानातली ट्यूब वाढायची, एसटीची काच वाढायची, आणि निवडणुकीनंतर एका पार्टीचं नाव घेऊन म्हणाले, "पार वाढली रं."

पाटणच्या बाजारपेठेत मणेरांचं घर. मणेर म्हणजे पिढीजात बांगड्या भरणारे. चाचांचा मुलगा सलीम याचं तिथंच दुकान, काचेच्या कपाटांत बांगड्या, टिकल्या, नखांचे रंग, वर पंखा. चाचा त्या दुकानात पाहुण्यासारखे अवघडून बसायचे आणि चहा झाला की सटकायचे. का विचारलं तर म्हणायचे, "दुकानात बाया मालाकडं बघत्यात. वाडीवर माझ्याकडं बघत्यात." अंगानं किडकिडीत, उंचीनं बेताचे, डोक्याला पांढरी टोपी. पायजमा साखळीत जाऊ नये म्हणून उजव्या घोट्यावर बाईमाणसाचं एक रुंद प्लास्टिकचं कडं चढवलेलं, तेही जांभळं. कुणी हसलं की पाय पुढं करून विचारायचे, "पायजेल का? तुझ्या मापाचं बी हाय."

नम्रपणाचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. पाटण तालुक्यात आपल्याइतका हात कुणाचा हलका नाही हे ते स्वतःच सांगत फिरायचे, आणि राग यावा तर ते खरंही होतं. माझी बायको शालन हिचं मनगट जाड, बांगडी चढताना ती कळवळायची, म्हणून लग्नानंतर कित्येक वर्षं तिनं हाताला काच लावली नव्हती. चाचांनी एकदा तिचा हात धरला आणि माहेरच्या म्हशीची चौकशी काढली. शालनला म्हशीचा विषय पुरतो. म्हैस व्याली, रेडकू झालं, दूध किती देते, हे सांगून होईपर्यंत डझनभर हिरव्या बांगड्या हातात. शेवटी चाचांनी आणखी एक भरली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. "बाकीच्या तू घेतल्यास," म्हणाले, "ही मी दिली." ही जादाची बांगडी ते प्रत्येकीला द्यायचे. ती दिल्याशिवाय त्यांना उठताच यायचं नाही.

भरताना ते बाईच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. आयुष्यभर नुसते हात बघितलेले. कोरोनाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडाला फडकी, बाजारात भावाला भाऊ ओळखेना, आणि हे माझ्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हाका मारत होते. "काय गं शेवंता, आईचा गुडघा कसा हाय?" ती शेवंता जागच्या जागी थिजायची. एकदा मात्र फसले. हात बघून जिला शेवंता म्हणून हटकलं ती तिची धाकटी बहीण निघाली. दुसरा कुणी असता तर चूक कबूल करून मोकळा झाला असता. चाचांनी तिलाच दरडावलं, "मग शेवंताचा हात तुझ्याकडं कसा आला?" बिचारी हात मागं लपवून निघून गेली.

कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगाखांद्यावर ज्या वाड्या आहेत तिथं ते सायकलवरनं जायचे. सायकल निळी, गिअरची, डोंगरी बनावटीची. कुणा कॉलेजच्या पोरानं शिक्षण संपवून जाताना विकलेली. चाकं सव्वीस इंची, जुन्या काळची. सलीमनं त्यांच्यासाठी स्कूटर घेऊन दिली होती, तिला चाचांनी हात लावला नाही. "काचेला इंजिनाची थरथर सोसत न्हाई. आतल्या आत चीर जाती, आन् मग बाईच्या हातात गेल्यावर वाढती." असलं काही नसतं, मी त्यांना दहा वेळा सांगितलं. "तू लोखंडाचा माणूस," ते म्हणाले, "तू गप ऱ्हा." एका डोळ्यानं त्यांना कमी दिसायचं, हेही एक कारण असावं. ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग एका वर्षी ते पडले. उतारावर दगड चुकवताना सायकल घसरली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघेपर्यंत सलीमनं त्यांना दुकानात गल्ल्यावर बसवून ठेवलं. मी जाता-येता बघायचो. टोपी तीच, माणूस तोच, पण बोलणं बंद. बाया यायच्या, कपाटाकडं बोट दाखवायच्या, बांगड्या पिशवीत घालून घरी न्यायच्या. चाचा पंख्याखाली मान खाली घालून स्वतःच्याच हाताकडे बघत असायचे. मला ते बघवलं नाही, म्हणून मी त्या बाजूनं जाणं टाळायला लागलो. प्लास्टर निघाल्यावर बापलेकात चांगली जुंपली. सलीम म्हणे आता बस. चाचा म्हणे मी बसलो तर उठणार न्हाई. दोघांचंही बरोबर होतं आणि मधे मी होतो, कारण सायकल माझ्या दुकानात टांगलेली.

त्याच उन्हाळ्यात पुण्याकडच्या सायकलवाल्यांचा एक घोळका कोयनेकडं चाललेला. त्यातली एक मुलगी हवा भरायला माझ्या दुकानाशी थांबली. नवी सायकल, चाकं केवढाली. माझ्या दारात पाण्याच्या पाइपसाठी चर खणून वर दगडगोटे टाकलेले होते. ही बाई सीटवरून न उठता त्यावरून आरामात निघून गेली. चाचा पायरीवरून उठले. "ए पोरी, थांब." ती थांबली. चाचांनी बांगड्यांचा एक जुडगा तिच्या हँडलला बांधला. "आता परत जाऊन ये त्यावरनं." पोरगी हसतमुख होती, गेली आणि आली. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मग तोच जुडगा आपल्या सायकलला बांधून मला त्याच दगडांवरून पिटाळलं. मी हाडं खिळखिळी करून परत आलो तर निकाल तयार होता.

"फरक हाय, फौजी. मोठं चाक खड्ड्यात उतरतच न्हाई, वरनं जातंय. मला ही चाकं बसव."

"चाचा, तिची एकोणतीस इंची हायत. तुमची फ्रेम सव्वीसची. ती त्यात शिरायची सुद्धा न्हाईत."

"मग मधलं काय असतंय का न्हाई?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण फौजेची सवय, विचारलं की खरं सांगायचं. "साडेसत्तावीस असतंय," म्हणालो, आणि झालं. पुढं रोज सकाळी पायरीवर येऊन बसायला लागले. मी त्यांना सगळं समजावलं. ब्रेकचे रबर जुन्या रिमच्या मापाला बसवलेले, ते नव्या रिमला पोचणार नाहीत. मागच्या दांड्यांच्या बेचक्यात जागा कमी. चाक वाढलं की सायकल उचलली जाणार, मग तुमचे पाय टेकणार नाहीत. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला टेकायचं न्हाई, मला जायाचं हाय."

एवढं ऐकल्यावर मी काय करणार? पुण्याहून रिमा मागवल्या. त्यांच्या जुन्याच हबमध्ये नव्या लांब तारा ओवल्या, चाकांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. ब्रेक मी म्हटल्याप्रमाणे अर्धा इंच खाली राहिले, तर लेथवाल्याकडून पोलादी पट्ट्या करून ते वर उचलले. सीट दांड्यात जाईल तेवढी खाली ठोकली. पुढचं चाक बसलं छान. मागं मात्र टायर आणि लोखंड यांच्यात पेन्सिल जाईल एवढीच फट राहिली. मी म्हटलं, "चाचा, मागं बारीक टायर घालू." ते मानेनात. बारीक टायर दगडावर आपटतंय, त्यांचा मुद्दा. "फट थोडी पायजे वं," मी म्हणालो. "फटीत काय मांडव घालायचाय?" ते म्हणाले. जाड टायर घातला. डांबरी रस्त्यावर चक्कर मारून आले तेव्हा तोंडावर असं काही तेज होतं की मी पुढं बोललोच नाही.

तेवढ्यात सलीम आला. वरच्या वाडीतल्या हौसाबाईच्या पल्लवीचं लग्न ठरलं होतं. हौसाबाईचा स्वतःचा चुडा चाचांनी भरलेला, आता लेकीचाही चाचांनीच भरायचा असा तिचा निरोप. सलीम माझ्यासमोर उभा राहून वडलांना म्हणाला, "अब्बा, ही एक खेप. धड गेलासा आन् धड आलासा तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. पडलासा तर सायकल भंगारात. हाय कबूल?"

"हाय."

"फौजीकाका, तुमी साक्षीला."

चाचांनी उजवा हात छातीवर ठेवला. मी मान डोलावली खरी, पण डोळे त्या मागच्या चाकाकडं गेले. ती सायकल भंगारात गेली असती तर लोखंडाचं दुःख कुणाला होतं? चाचा पुन्हा त्या पंख्याखाली जाऊन बसले असते आणि या वेळेला उठले नसते. हे मला कळत होतं, सलीमलाही कळत होतं, आणि त्या पेन्सिलीएवढ्या फटीची काळजी एकट्या मला होती.

हळदीच्या दिवशी सकाळी चाचा पेट्या भरून दारात आले. "आयक." सायकल हलवली. मी नेहमीसारखं "बऱ्या वाजल्या" म्हणालो. ते कुरकुरत सीटवर चढले. पाय टेकत नव्हते म्हणून माझ्या पायरीवरून चढावं लागलं. मग निघाले.

दुपारी दुधाचा टेम्पोवाला वरून आला. चाक तपासायला थांबला आणि सहज म्हणाला, "फौजी, चाचांची सायकल वरच्या वाडीच्या वळणावर आडवी पडलीया की."

"आन् चाचा?"

"चाचा न्हाईत. पेट्या बी न्हाईत. मला वाटलं तुमाला ठावं आसंल."

मी पाना तिथंच टाकला. सलीमला फोन लावला. तो धावतच आला, माझ्या मोटरसायकलवर मागं बसला आणि आम्ही निघालो. मी मनातल्या मनात त्या टायरला, त्या फटीला आणि चाचांच्या हट्टाला शिव्या घालत होतो. मधेच देवाला हात जोडत होतो, हँडल धरलेलं असताना जेवढे जोडता येतील तेवढे.

वळणावर रस्त्याचं काम चाललेलं. लाल मुरूम पसरून त्यावर टँकरनं पाणी मारलेलं, पुढं रोलर उभा, माणूस कुणी नाही. सायकल कडेला आडवी. मी जाऊन मागचं चाक फिरवून बघितलं तर ते हलेना. टायर आणि दांड्यांच्या मधे ओला मुरूम असा गच्च बसलेला की गवंड्यानं थापून दिल्यासारखा. पुढचं चाक मात्र बोट लावलं की गरगर फिरत होतं. डांबरावर चक्कर मारून आम्ही दोघे खूश झालो होतो, आणि डोंगरातल्या चिखलाचा विचार दोघांपैकी एकानंही केला नव्हता.

सलीम वाकून जमीन बघत होता. आधी मला कळेना काय शोधतोय. मग तो उभा राहिला, त्याचे डोळे भरलेले. "काका, एक तुकडा न्हाई," म्हणाला. मीही बघितलं. त्या लाल चिखलात हिरव्या काचेचा एक कण नव्हता. माणूस पेट्यांसकट पडला असता तर तिथं काचांचा सडा असता.

वाडीत पोचलो तर हौसाबाईच्या दारात मांडव, बायांचा घोळका, आणि मधोमध पोत्यावर मांडी घालून बसलेले आमचे चाचा. पल्लवीचा हात त्यांच्या हातात. तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं काय झालं ते विचारत होते आणि अंगठ्याच्या हाडावरून बांगडी सरकवत होते. बाजूला भिंतीशी चार अनोळखी बाया चहा पीत बसलेल्या. पाय गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं भरलेले आणि हातांत नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या. त्यांच्यापुढं चार घमेली पालथी घातलेली.

मी मांडवाच्या मेढीला धरून खालीच बसलो. रडावं की त्या म्हाताऱ्याला बदडावं ते कळेना. चाचांनी मान वर केली नाही.

"फौजी आला का? बुटाचा आवाज आला. तुझं मागचं चाक काढून टाक बाबा, कामाचं न्हाई."

माझं मागचं चाक म्हणे. मी तोंड उघडणार तेवढ्यात हौसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सगळी हकिकत सांगितली. चढावर चाक गच्च झालं, सायकल हलेना. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या ह्या चौघी बघत होत्या. चाचांनी त्यांना हाका मारल्या, पेट्या उघडल्या आणि माल त्यांच्या घमेल्यांत पेंढा घालून त्यावर ठेवायला लावला. डोक्यावर चार घमेली, मागून रिकाम्या पेट्या काखेत मारून चाचा, अशी वरात डोंगर चढून आली. "आमाला वाटलं आमच्याच दारात रस्ता करायला आल्यात," हौसाबाई म्हणाली. आल्यावर चाचांनी आधी त्या चौघींचे हात भरले आणि मग नवरीला हाक मारली.

सलीम अजून उभाच होता. "अब्बा," तो म्हणाला, "पडलासा का न्हाई, एवढं सांगा."

बायांना शर्तीतलं काही ठाऊक नव्हतं, पण सलीमच्या आवाजानं सगळ्या थांबल्या. चाचांच्या हातातली बांगडी पल्लवीच्या बोटांवर तशीच राहिली.

"सायकल थांबली," चाचा सावकाश म्हणाले. "मी उतरलो. स्टँड चिखलात रुतत हुतं म्हणून तिला आडवी केली. ह्याला पडनं म्हणत्यात का?"

सलीमनं त्या चौघींकडं बघितलं. त्यातली थोरली चहाची बशी खाली ठेवत म्हणाली, "पडल्यालं न्हाईत वं. आमी बघत हुतो की. चांगलं उतरलं. उतरून सायकलीला लय शिव्या घातल्या, मग आमाला."

"शिव्या न्हाई गं. हाका मारल्या."

"हाका आशा असत्यात व्हय?"

सगळा मांडव हसला. सलीमही हसला, आणि हसता हसता तोंडावर दोन्ही हात घेऊन तसाच उभा राहिला. मग चपला काढून तो वडलांच्या शेजारी बसला आणि पेंढ्यातून एकेक बांगडी उचलून, पुसून, त्यांच्या हातात द्यायला लागला. चुडा भरून झाला तशी चाचांनी जादाची बांगडी चढवली, पल्लवी त्यांच्या पायाशी वाकली, आणि हौसाबाईनं डोळ्याला पदर लावला. मी तेवढ्यात बाहेर गेलो. माझंही काही खरं नव्हतं.

सायकल मी खाली आणली आणि मागचं चाक उतरवलं. जुनी सव्वीसची रिम आणि तिच्या तारा मी खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या, त्या परत ओवल्या. मागचे ब्रेक पहिल्या जागी आले, बेचक्यात दोन बोटं जातील एवढी जागा झाली. पुढचं मोठं चाक तसंच ठेवलं, कारण दगडाशी पहिली गाठ त्याचीच पडते. ते वर चढलं की मागचं त्याच्या मागनं येतं. मागचा भाग खाली बसल्यामुळं चाचांचे पायही टेकायला लागले. त्यांनी लांब उभं राहून सायकलकडं बराच वेळ बघितलं.

"म्हंजे पुढलं थोरलं आन् मागलं बारकं?"

"व्हय."

"हे तर ट्रॅक्टरच्या उलटं झालं की रं."

बाजारपेठेत तेच नाव पडलं. चाचा लांबून दिसले की पोरंटोरं ओरडायची, उलटा ट्रॅक्टर आला. चाचांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट चढून सांगायला लागले की ही अक्कल त्यांची. "फौजी दोनी चाकं थोरली घाल म्हणत हुता. मीच म्हणलं, मागलं बारकं ठिव." माझ्यासमोर, माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकाला सांगत होते हे. पहिल्यांदा माझं टाळकं फिरलं. मग विचार केला, असू दे. गल्ल्यावर मुक्यानं बसलेला माणूस परत थापा मारायला लागलाय, आपल्याला आणखी काय पाहिजे? पुढं कुणी विचारलं तर मीही सांगायला लागलो, व्हय, अक्कल त्यांचीच.

त्यानंतर कित्येक हंगाम ते तसेच फिरले. सलीमनं शब्द पाळला, पुन्हा तोंड उघडलं नाही. फक्त दर खेपेच्या आधी गुपचूप माझ्याकडं येऊन विचारायचा, "काका, ब्रेक बघितलासा न्हवं?" मी बघितलेले असायचे. शेवटी दुसराही डोळा अंधुक झाला तेव्हा चाचांनी आपणहून सायकल सोडली, कुणी काढून घेतली नाही. लेक कुंडलला दिलेली, तिच्याकडं राहायला गेले. तिथंच थंडीत झोपेत गेले. सलीम सांगायला आला, दुकानाच्या पायरीवर चाचांच्या जागी बसला. मग म्हणाला, "पडले न्हाईत, काका. शेवटपर्यंत पडले न्हाईत." मला दुःख झालं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पोटी एक मोठं समाधानही झालं. सायकल अजून सलीमच्या दुकानापुढं उभी असते. भंगारवाल्यानं विचारलं तर तो त्याला पाणी पाजून वाटेला लावतो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते कुंडलला जाण्याच्या आधी, त्यांच्या सायकलच्या शेवटच्या खेपेला. सण नाही, वार नाही, लग्नसराई नाही, आणि सकाळी दारात उभे. शालनला हाक मारली. ती पिठाचे हात पुसत बाहेर आली. "हात दे," म्हणाले. शालन म्हणाली, "आवं चाचा, आत्ता कुठं भरल्यात." त्यांनी ऐकलं नाही. पायरीवर बसून तिचे दोन्ही हात नव्यानं भरले, म्हशीची चौकशी केली, म्हैस विकल्याचं कळल्यावर हळहळले. मग जादाची बांगडी भरली आणि तिच्यामागनं आणखी एक.

"दोन कशाला वं?"

"एक आजची. एक पुढल्या खेपेची, घिऊन ठिव."

शालन हसली, मीही हसलो. आमच्या डोक्यात काही आलं नाही. चाचा उठले, घोट्यावरचं जांभळं कडं नीट केलं, हँडल धरलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आयक." सायकल हलवली. मी हातातलं काम ठेवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरोखरच कान देऊन ऐकलं.

"सरळ हाय, चाचा. बसका कुठं न्हाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. "आत्ता कळाय लागलं तुला," म्हणाले, आणि सीटवर बसून निघाले. पुढचं मोठं चाक चरातल्या, अजून तशाच पडलेल्या दगडांवरून अलगद वर गेलं, मागचं लहान त्याच्या मागनं गेलं. मागं न बघता त्यांनी एक हात वर केला. वळणापर्यंत बांगड्या ऐकू येत होत्या, आणि आवाज सरळ होता.